भटक्या कुत्र्यांमधील संसर्गजन्य गाठ : औषध आहे, पण इंजेक्शनांचा क्रम पूर्ण होत नाही

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने पहाटे फिरायला जाणाऱ्यांना किंवा धुळ्यात पांझरेच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांना एक दृश्य अपरिचित नसावे. रस्त्याच्या कडेला एखादे भटके कुत्रे बसलेले असते आणि सारखे स्वतःचे मागचे अंग चाटत असते. ते उठून गेले की बसल्या जागी रक्ताचे चार-दोन थेंब उमटलेले दिसतात. पाहणारा आपापल्या परीने अंदाज बांधतो. कुणाला वाटते, वाहनाची धडक बसली असेल. कुणी म्हणतो, कुत्री माजावर आली असेल. कुणी लहान मुलांना हाताशी धरून लांबून निघून जातो. थोड्याच दिवसांत तेच कुत्रे अधिक खंगलेले दिसते, आणि मग एके दिवशी दिसेनासे होते.

अशा अनेक कुत्र्यांना झालेला आजार म्हणजे लैंगिक संसर्गातून पसरणारी गाठ. पशुवैद्यकांच्या बोलण्यात ती 'टीव्हीटी' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. हा कर्करोगाचाच एक प्रकार आहे. मात्र तो एका कुत्र्याकडून दुसऱ्या कुत्र्याकडे जातो. निसर्गात अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. बहुतेक कर्करोगांच्या तुलनेत ही गाठ बरी करणे सोपे आहे. निदानाला महागडी यंत्रे लागत नाहीत, औषध सहज मिळते आणि योग्य उपचार पूर्ण झाल्यास दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक कुत्री पूर्ण बरी होतात. तरीही रस्त्यावरची अनेक कुत्री या आजाराने झिजत राहतात. असे का होते, हे समजून घेण्यासाठी आधी ही गाठ समजून घ्यावी लागेल.

पेशीच जेव्हा जंतू होते

कर्करोग संसर्गजन्य नसतो, ही गोष्ट माणसांच्या बाबतीत वारंवार सांगितली जाते आणि ती बरोबरच आहे. काही कर्करोगांना विषाणू कारणीभूत ठरतात हे खरे. पण तेथे एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो विषाणू, कर्करोगाची पेशी नव्हे. कुत्र्यांच्या या गाठीत मात्र कर्करोगाची जिवंत पेशीच एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाते, तेथे रुजते आणि वाढू लागते. बी एका शेतातून दुसऱ्या शेतात पडावे आणि तेथे उगवावे, तसाच हा प्रकार. ज्या कुत्र्याच्या अंगावर गाठ दिसते, त्या कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींपासून ती बनलेलीच नसते.

याचा एक पुरावा गुणसूत्रांत मिळतो. निरोगी कुत्र्याच्या प्रत्येक पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. गाठीच्या पेशीत मात्र सर्वसाधारणपणे ५७ ते ५९ गुणसूत्रे आढळतात, आणि त्यांची ठेवणही वेगळी असते. कुत्रा कोणत्याही देशातला, कोणत्याही जातीचा असो, गाठीतील ही खूण बदलत नाही.

संसर्गाचा मुख्य मार्ग समागम हा आहे. समागमाच्या वेळी नर आणि मादी बराच काळ एकमेकांना जोडलेले राहतात. त्यात जननेंद्रियांच्या नाजूक श्लेष्मल त्वचेला बारीक ओरखडे पडतात आणि गाठीपासून सुटलेल्या पेशींना तेथे थारा मिळतो. हुंगणे, चाटणे आणि चावणे हे दुसरे मार्ग. त्यामुळे काही कुत्र्यांत गाठ नाकात, तोंडात किंवा डोळ्याभोवतीही आढळते. नाकातोंडातील गाठींचे प्रमाण मादीपेक्षा नरांत कितीतरी जास्त असते. मादीला हुंगण्याची आणि चाटण्याची नरांची सवय हे त्यामागचे संभाव्य कारण मानले जाते.

आपल्याकडे भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना समजला जातो. पावसाळा ओसरू लागला की गल्लीबोळांतून कुत्र्यांचे कळप एका मादीमागे धावताना दिसतात. एकाच मादीशी अनेक नरांचा संबंध येतो, आणि गाठीच्या प्रसाराला यापेक्षा अनुकूल काळ नाही. संसर्गानंतर गाठ डोळ्यांना दिसू लागायला काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणजे भादव्यात झालेला संसर्ग हिवाळ्यात उघड होऊ शकतो, आणि तोवर ते कुत्रे वरवर निरोगीच दिसत असते.

हजारो वर्षांचा प्रवास

या गाठीचा अभ्यास जुना आहे. रशियातील पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यांत रुजवून दाखवला. कर्करोगाच्या इतिहासात हा प्रयोग मैलाचा दगड मानला जातो. पुढे १९०४ ते १९०६ या काळात जर्मनीतील स्टिकर यांनी या आजाराचे तपशीलवार वर्णन केले. त्यामुळे जुन्या ग्रंथांत तो 'स्टिकर सार्कोमा' या नावानेही ओळखला जातो.

खरे कोडे सुटले ते एकविसाव्या शतकात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रॉबिन वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इटली, केनिया आणि भारतातील कुत्र्यांच्या गाठींची जनुकीय तपासणी केली. या गाठी ज्यांच्या अंगावर होत्या त्या कुत्र्यांशी जुळत नव्हत्या. त्या एकमेकींशी मात्र जुळत होत्या. म्हणजे या सर्व गाठी एकाच मूळ गाठीच्या वंशज होत्या. कुठल्याशा काळी एका कुत्र्याला कर्करोग झाला, ते कुत्रे मेले. पण त्याच्या पेशी दुसऱ्यांच्या शरीरात जगत राहिल्या.

हे कुत्रे केव्हाचे, याविषयीचा अंदाज बदलत गेला. २०१४ मध्ये तो सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीचा मानला गेला. त्यानंतर २०१९ मध्ये ४३ देशांतील ५४६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही गाठ ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशिया खंडात उद्भवली आणि सुमारे ५०० वर्षांपूर्वी जहाजांवरील कुत्र्यांबरोबर अमेरिका खंडात पोहोचली. कुत्रा माणसाच्या मागे गेला आणि गाठ कुत्र्याच्या मागे. आज जिवंत असलेल्या पेशींच्या वंशांत, सस्तन प्राण्यांपुरते बोलायचे तर, यापेक्षा जुना कर्करोग ज्ञात नाही.

निसर्गातील असे दुसरे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचे आहे. तेथील 'टास्मानियन डेव्हिल' या प्राण्याच्या चेहऱ्यावर येणारी गाठ १९९६ मध्ये प्रथम नजरेस आली. ती चाव्यातून पसरते आणि बहुतेक वेळा जीवघेणी ठरते. त्या गाठीने त्या प्राण्याचे अस्तित्वच धोक्यात आणले. कुत्र्यांची गाठ मात्र हजारो वर्षे कुत्र्यांबरोबर नांदत आली आहे.

शरीर गाफील का राहते?

दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर शरीर ते परके म्हणून नाकारते. मग परक्या कुत्र्याची गाठ कशी स्वीकारली जाते? प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळखपत्रासारखे काही रेणू असतात. प्रतिकारशक्तीचे शिपाई ही ओळखपत्रे तपासून आपले कोण आणि परके कोण ते ठरवतात. गाठीच्या पेशी वाढीच्या काळात ही ओळखपत्रे जवळजवळ दडवूनच ठेवतात आणि शिपायांना थोपवणारी रसायनेही सोडतात. त्यामुळे गाठ बिनबोभाट वाढते.

पुढे सशक्त कुत्र्याच्या शरीरात हा बुरखा हळूहळू फाटू लागतो. ओळखपत्रे पुन्हा दिसू लागतात, शिपाई गाठीत शिरतात आणि गाठ ओसरते. प्रयोगशाळेतील कुत्र्यांत हे अनेकदा पाहिले गेले आहे. अशी बरी झालेली कुत्री पुढच्या संसर्गालाही बरीचशी दाद देत नाहीत. मात्र रस्त्यावरच्या, अर्धपोटी, गोचिडांनी आणि जंतांनी पोखरलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत यावर विसंबून राहता येत नाही. अशक्त कुत्री आणि पिल्ले यांच्यात गाठ क्वचित लसिका ग्रंथी, त्वचा, डोळे किंवा अंतर्गत अवयवांपर्यंतही पसरते. म्हणूनच 'आपोआप बरे होईल' म्हणून वाट पाहणे इष्ट नाही.

निदान : एक काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक

सुरुवातीला गाठ मुगाएवढी, गुलाबी-लालसर असते. पुढे ती फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत होत जाते, हात लागताच भुरभुरते आणि तिच्यातून रक्त येते. नरात ती शिश्नाच्या मुळाशी कातडीच्या आवरणाखाली दडलेली असते. आवरण मागे सारून पाहिले नाही तर ती दिसतच नाही. दिसतात ते केवळ ठिबकणारे रक्ताचे थेंब. मादीत ती योनीत असते आणि मोठी झाल्यावर बाहेर डोकावते.

येथेच चुका होतात. मादीचा रक्तस्राव पाहून ती माजावर आल्याचा समज होतो. माजाचा स्राव काही दिवसांत थांबतो. गाठीचा महिनोन्‌महिने चालू राहतो. नरातील रक्तस्राव मूत्रमार्गाचा संसर्ग समजून नुसती प्रतिजैविके दिली जातात. नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्याला मार लागला असेल असे वाटते, आणि चेहरा सुजून बेढब झाला की ते पिसाळल्याची आवई उठते. अशा कुत्र्याच्या वाट्याला मग दगड येतात.

खात्रीचे निदान सोपे आहे. गाठीवर स्वच्छ काचपट्टी दाबून ठसा घेतला जातो किंवा बारीक सुईने थोड्या पेशी ओढून घेतल्या जातात. काचपट्टी वाळवून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत वापरतात तशाच जिम्सा किंवा लेशमन रंगाने रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली चित्र स्पष्ट होते. गोल पेशी, मोठे गोल केंद्रक आणि भोवतालच्या पेशीद्रवात पाण्याच्या बुडबुड्यांसारख्या रिकाम्या पोकळ्यांची ओळ, ही या गाठीची ठळक खूण. हे काम तासाभरात होऊ शकते. चित्र संदिग्ध असेल किंवा गाठ नेहमीच्या जागी नसेल तरच तुकडा काढून सविस्तर तपासणीची गरज पडते, कारण गोल पेशींच्या इतर काही गाठीही दिसायला अशाच असतात.

सदाफुलीतले औषध

या आजारावरचे मुख्य औषध ज्या झाडातून मिळते ते खानदेशातल्या कितीतरी अंगणांत आणि कुंड्यांत फुललेले असते. गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या सदाफुलीपासून काढलेले 'व्हिनक्रिस्टिन' हे औषध १९६०च्या दशकापासून माणसांच्या, विशेषतः मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. पेशी दुभंगताना आतील गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म धागे लागतात. हे औषध ते धागे तयारच होऊ देत नाही. त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मधल्यामध्ये अडकून मरतात. मात्र अंगणातील सदाफुलीची पाने किंवा रस कुत्र्याला देणे हा उपचार नव्हे. त्यातून विषबाधेचाच धोका अधिक.

व्हिनक्रिस्टिनचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून दिले जाते. मात्रा वजनानुसार ठरते. मध्यम बांध्याच्या भटक्या कुत्र्याला साधारण अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास औषध लागते. पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शननंतरच रक्तस्राव थांबतो आणि गाठ आकसू लागते. बहुतेक कुत्र्यांना चार ते सहा इंजेक्शने पुरतात, काहींना आठपर्यंत द्यावी लागतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका अभ्यासात मोठी गाठ, जास्त वय आणि उष्ण-पावसाळी हंगाम या तीन गोष्टींमुळे बरे होण्यास अधिक काळ लागतो असे दिसून आले. वैशाखात ४५ अंशांकडे झेपावणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात उपचार करणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

औषध जहाल असल्याने पथ्ये कडक आहेत. ते शिरेबाहेर सांडले तर तेथील मांस सडते. त्यामुळे धडपडणाऱ्या कुत्र्याला घाईघाईत टोचून चालत नाही. औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणून दर वेळी आधी रक्त तपासले जाते आणि पांढऱ्या पेशी चार हजारांच्या खाली असल्यास इंजेक्शन काही दिवस पुढे ढकलले जाते. उलट्या, भूक मंदावणे हेही परिणाम दिसतात. गाभण मादीला हे औषध चालत नाही. औषधाचा अंश कुत्र्याच्या मलमूत्रातून काही दिवस बाहेर पडत असल्याने पिंजरा साफ करणाऱ्यांनी हातमोजे वापरणे आवश्यक असते, आणि गर्भवती स्त्रियांनी या कामापासून दूर राहिलेलेच बरे.

गाठ कापून का टाकत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. पूर्वी तेच केले जाई. पण काही पेशी मागे राहिल्या की गाठ पुन्हा उगवते आणि दूषित हत्यारांमुळे ती आजूबाजूला रुजण्याचीही भीती असते. व्हिनक्रिस्टिनला दाद न देणाऱ्या थोड्या कुत्र्यांसाठी डॉक्सोरुबिसिन हे औषध किंवा किरणोपचार हा पर्याय असतो. यांपैकी किरणोपचाराची सोय मात्र लहान शहरांत मिळत नाही.

अडचण औषधाची नाही, महिनाभराच्या मुक्कामाची

पाळीव कुत्र्याचा मालक त्याला दर आठवड्याला दवाखान्यात नेऊ शकतो. भटक्या कुत्र्याला कोण नेणार? एकदा जाळ्यात सापडून टोचून घेतलेले कुत्रे दुसऱ्या आठवड्यात माणूस दिसताच पळ काढते. एक-दोन इंजेक्शनांनी रक्त थांबते, गाठ लहान होते. पाहणाऱ्यांना कुत्रे बरे झाल्यासारखे वाटते आणि पुढची इंजेक्शने राहून जातात. उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. अर्धवट उपचारांनंतरची गाठ पुढे औषधाला पूर्वीइतकी दाद देईलच असे नाही. क्षयरोगाची औषधे मध्येच सोडणाऱ्या रुग्णाची जी कथा, तीच येथेही.

म्हणजे या रोगात मोलाची गोष्ट म्हणजे चार ते सहा आठवडे निवाऱ्याची जागा, रोजचे अन्न-पाणी आणि लक्ष ठेवणारा माणूस. निर्बीजीकरण केंद्रात आणलेले कुत्रे शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच मूळ जागी सोडले जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ आढळली तरी महिनाभर ठेवण्याइतके पिंजरे नसतील, तर ते कुत्रे गाठीसह परत रस्त्यावर जाते. त्याच्या कानाला खाच पडलेली असते, त्यामुळे पुढच्या खेपेस त्याला कुणी पकडतही नाही.

प्रतिबंधाचा हमरस्ता

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना २००३ मध्ये महापालिकेचा दर्जा मिळाला. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण ही कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. २००१ च्या नियमांची जागा २०२३ मध्ये नव्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली, तरी हे सूत्र कायम राहिले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री नोंदली गेली. एवढ्या संख्येपुढे एकेका कुत्र्यावरील उपचार तोकडे वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र निर्बीजीकरणाची चर्चा सहसा कुत्र्यांची संख्या आणि रेबीज या दोनच अंगांनी होते. संसर्गजन्य गाठ हे तिचे तिसरे अंग. माजच न आलेल्या मादीमागे कळप धावत नाही आणि समागम घटला की गाठीचा मुख्य रस्ताच बंद होतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी १०९ देशांतील ६४५ पशुवैद्य व पशुआरोग्य कर्मचाऱ्यांकडून माहिती गोळा करून २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. किमान ९० देशांत हा आजार असल्याचे त्यातून दिसले. आणि जेथे निर्बीजीकरणाचे प्रमाण अधिक, तेथे आजार कमी, असेही आढळले. ब्रिटनमध्ये तर मोकाट कुत्र्यांवर नियंत्रण आल्यावर विसाव्या शतकात ही गाठ तेथून जवळपास नाहीशी झाली. आज तेथे दिसतात ती मुख्यतः परदेशांतून आणलेली कुत्री.

यातून स्थानिक पातळीवर करण्याजोग्या दोन गोष्टी समोर येतात. पहिली, निर्बीजीकरणासाठी भूल दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची जननेंद्रिये, नाक आणि तोंड तपासणे. त्यास दोन मिनिटे पुरतात आणि कुत्रे भुलीत असल्याने चाव्याचाही धोका नसतो. दुसरी, केंद्रातील काही पिंजरे गाठीच्या रुग्णांसाठी सलग सहा आठवडे राखून ठेवणे आणि उपचार संपल्यावरच त्या कुत्र्यांना सोडणे.

नागरिकांनी काय करावे?

हा आजार माणसाला होत नाही. मांजर, गाय, म्हैस यांनाही होत नाही. तो श्वानकुळापुरताच मर्यादित आहे. त्यामुळे गाठ असलेले कुत्रे गल्लीत आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कोणतेही कुत्रे चावल्यास मात्र नेहमीचाच नियम लागू होतो : जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस त्वरित घ्यावी.

गाठ स्वतः हाताळू नये, तिच्यावर हळद, चुना किंवा फिनाईल लावू नये. कुत्रे कुठे आणि कोणत्या वेळी सापडते, नर की मादी, रक्त किती दिवसांपासून येते, एवढी माहिती जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, महापालिका किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवावी. शक्य असल्यास छायाचित्र काढून ठेवावे. त्या कुत्र्याला रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी कुणी भाकरी घालत असेल, तर उपचारांतील सर्वांत अवघड काम म्हणजे त्याला दर आठवड्याला पुन्हा पकडणे, तेच सोपे होते. ज्याच्या हातची भाकरी ते खाते, त्याच्या हाताला ते सहसा बिचकत नाही. पाळीव कुत्र्यांच्या मालकांनी आपले कुत्रे मोकाट सोडू नये आणि शक्य तितक्या लवकर त्याचे निर्बीजीकरण करून घ्यावे.

काही हजार वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी मेलेल्या एका कुत्र्याची पेशी आज पांझरेकाठच्या एखाद्या कुत्र्याच्या अंगात वाढत असेल. तिला थांबवायला लागते ती काचपट्टी, ते इंजेक्शन आणि एक महिन्याची जागा. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी जळगाव-धुळ्यात मिळू शकतात. तिसरी उपलब्ध करून देणे नागरिक आणि महापालिका यांच्या हाती आहे.